सत्ताविसावा धडा

धवलची मुंज झाली त्या वर्षी मी इंदिरानगरच्या या घरात आलो. ते साल २००८. मे महिना होता, भिक्षावळीचे लाडू अजून डब्यात होते आणि धवलच्या डोक्यावर नुकते कुठे केस उगवू लागले होते. त्याचा मामा मला टेम्पोतून घेऊन आला. चार माणसांनी मला जिन्याने वर चढवले आणि पुढच्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीला लावून ठेवले. त्या जागेवरून मी पुन्हा हललो नाही. तेव्हा नवा होतो, आता जुना झालो आहे.

मित्रांनो, मी डिजिटल पियानो आहे. माझी हकिकत सांगण्याआधी माझी घडण सांगतो, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल. खऱ्या मोठ्या पियानोच्या पोटात तारा असतात. पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. माझ्या पोटात तारा नाहीत. हातोड्या आहेत, पण त्या कशावरच पडत नाहीत. बोटाला वजन लागावे एवढ्यासाठी त्या बसवल्या आहेत. माझा आवाजसुद्धा माझा नाही. कुणा दुसऱ्या पियानोचा आवाज साठवून कारखान्यात तो माझ्यात भरला. पट्टी दाबली की मी तो काढून देतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि त्याचे मला कधी काही वाटले नाही.

घरात तीन माणसे होती. शामसुंदरराव गोदाकाठी तीर्थोपाध्याय आहेत. बाहेरगावची माणसे आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात, श्राद्ध करायला येतात. त्यांना शामसुंदरराव संकल्प सांगतात, तर्पण करवून घेतात. सकाळी लवकर स्कूटरवरून जातात आणि दुपारी दीड-दोनला ओल्या पंच्याची पिशवी घेऊन परत येतात. त्यांच्या पत्नी लतिकाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. धवल त्यांचा एकुलता एक मुलगा. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला.

पहिली सहा वर्षे माझी चांगली गेली. दर रविवारी एक सर येत आणि धवलला शिकवत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका धवलला काहीतरी वाजवायला सांगत. तो वाजवी. त्या त्याचे कौतुक करीत आणि जाताना एखादी माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवून जाई. मग धवलची दहावी आली. सर यायचे थांबले. लतिकाबाईंनी जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून माझ्यावर घातली.

खोळ घातलेल्या वस्तूवर माणसे सामान ठेवतात. माझ्यावर पंचांग असे, इस्त्रीची उपरणी असत, दर्भाच्या जुड्या असत. एका वर्षी गणपतीचे मखर माझ्यावर ठेवले ते होळीपर्यंत तिथेच होते. शेवयांचा डबा सहा महिने होता. धवल पुण्याला शिकायला गेला, तिथून नोकरीसाठी जर्मनीला गेला. मी सामान धरून उभा राहिलो. ते कामही काही वाईट नव्हते.

२०२२ च्या दिवाळीला धवल घरी आला. त्याने आईसाठी एक टॅब्लेट आणला होता.

"आई, हा तुला. रिटायर झाल्यापासून नुसत्या मालिका बघत असतेस."

"बघत नाही मी. शिव्या घालते त्यांना," लतिकाबाई म्हणाल्या.

"मग आता हे बघ. यात पियानो शिकवणारं ॲप आहे. चाळीस धडे आहेत."

"पियानो तुझ्यासाठी आणला होता."

"मी सोडला. तू धर."

त्याने माझ्यावरचे सामान उतरवले, खोळ काढली आणि टॅब्लेट माझ्यासमोर उभा केला. पहिल्या दिवशी टॅब्लेट माझा आवाज कानाने ऐकत होता आणि पट्टी बरोबर की चूक ते सांगत होता. पण त्याला माझा आवाज आणि घरातला आवाज वेगळा करता येईना. कुकरची शिट्टी झाली, त्याने लाल खूण केली. आत शामसुंदररावांनी पूजेची घंटा वाजवली, त्याने पुन्हा लाल खूण केली.

"अहो, तुमची घंटा चुकतेय," लतिकाबाईंनी देवघराकडे तोंड करून सांगितले.

"देवाची काही तक्रार नाही," आतून उत्तर आले.

मग धवलने माळ्यावरून बिघडलेल्या प्रिंटरची वायर काढली. तिचे एक टोक चौकोनी होते. माझ्या पाठीत तसेच एक चौकोनी भोक आहे. चौदा वर्षे त्यात काही घातले नव्हते. धवलने फुंकर मारून धूळ उडवली आणि वायर बसवली. दुसरे टोक एका छोट्या जोडणीने टॅब्लेटला लावले. लतिकाबाईंनी एक पट्टी दाबली. पडद्यावर पाच रेघांमध्ये एक काळा ठिपका होता, तो हिरवा झाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला अक्षरओळख झाली. चौदा वर्षे मी नुसता वाजत होतो. आपण जे वाजवतो ते लिहितात, त्याला रेघा असतात, त्यात मात्रांची घरे पाडलेली असतात, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या प्रत्येक पट्टीला एक आकडा आहे. कुठली पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढेच आकडे वायरीतून जातात. टॅब्लेट त्यावरून सगळे समजतो. मग त्याला कान लागत नाही. आत घंटा वाजो की कुकर, तो फक्त माझे आकडे वाचतो. मी इतक्या उशिरा शिकलो आणि जे शिकलो ते एवढेच.

टॅब्लेटची शिकवण्याची रीत अशी होती. पडद्यावर ठिपके हळूहळू डावीकडे सरकत. एका उभ्या रेघेपाशी ठिपका आला की ती पट्टी दाबायची. बरोबर दाबली तर पुढे. दाबली नाही किंवा चुकीची दाबली, तर सगळे जागच्या जागी थांबे. टॅब्लेट रागवत नसे, घाई करत नसे. बरोबर पट्टी येईपर्यंत तो थांबून राही.

धवल गेला. लतिकाबाई रोज दुपारी चारला चहा घेऊन माझ्यापुढे बसू लागल्या. आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकवलेली बाई. त्यांनी एकही धडा गाळला नाही. एखादा धडा झाला तरी दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा करीत. "पाठ झाला म्हणजे कळला असं नाही," असे स्वतःशीच म्हणत. सव्वीस धड्यांना त्यांना जवळजवळ वर्ष लागले.

सत्ताविसाव्या धड्यापाशी त्या अडल्या. तोवर एका वेळी एकच हात असे. या धड्यात दोन्ही हात एकदम होते. चाल साधी होती, कुठल्यातरी परक्या मुलखातली, तीन तीन मात्रांची. बत्तीस घरे आणि प्रत्येक घरात तीन मात्रा. उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला तिची साथ. लतिकाबाईंचे डावे मनगट काही वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून मोडले होते. त्या हाताची शेवटची दोन बोटे नीट वळत नसत. टॅब्लेट थांबे. त्या बोट ओढून पट्टीवर नेत, तोवर उजवा हात विसरून जाई.

आठ दिवस हे चालले. नवव्या दिवशी शामसुंदरराव वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले.

"सरक जरा."

"कशाला?"

"डावं मी दाबतो. रोज तेच तेच ऐकून माझे कान किटले."

"तुम्हाला वाचता येतं का हे?"

"नाही येत. मुंग्या चाललेल्या दिसतात. तू सांग."

लतिकाबाई सरकल्या. एका बाकावर दोघे बसले. उजवीकडे त्या, डावीकडे शामसुंदरराव. त्यांना श्लोकांचे अध्यायच्या अध्याय पाठ होते, पण हे ठिपके त्यांना नवे होते. चौसष्टाव्या वर्षी माणूस पाटी घेऊन बसला. लतिकाबाईंनी त्यांना शाळेतल्यासारखे शिकवले. कुठल्या रेघेवरचा ठिपका म्हणजे कुठली पट्टी, हे पेन्सिलीने कागदावर काढून दिले. ते ओल्या पंच्याचा वास असलेल्या बोटांनी पट्ट्या दाबत. त्यांचे बोट जड होते. मी माणसे बोटांवरून ओळखतो.

"तुम्ही आधी आलात."

"मी वेळेवर आलो. तू उशिरा आलीस."

"मुहूर्त बघून बोट ठेवता काय?"

"मुहूर्त बघितला असता तर या बाकावर बसलोच नसतो."

अशी भांडणे रोज होत. टॅब्लेट दोघांसाठी थांबे. एकाचेही बोट चुकले तरी थांबे. हळूहळू दोन घरे झाली, पाच झाली, बारा झाली. डिसेंबरात धवलचा फोन आला तेव्हा लतिकाबाई त्याला म्हणाल्या, "तू पुढच्या वेळी येशील तेव्हा सत्ताविसावा धडा पूर्ण वाजवून दाखवीन. मध्ये न थांबता."

"एकटी?"

"बाबांना घेऊन. त्यांचा हात आता जरा वळायला लागलाय."

"माझा हात वळलेलाच होता," शामसुंदरराव मागून म्हणाले. "हिचं वळण वेगळं आहे."

नवे वर्ष लागले तेव्हा चोवीस घरे झाली होती. शेवटची आठ राहिली होती.

त्यानंतर एका शनिवारी सकाळी लतिकाबाई स्वयंपाकघरात पडल्या. शामसुंदरराव तेव्हा गोदाकाठी होते. दूध उतू जाऊन गॅस विझला. शेजारच्या बाई वास आला म्हणून आल्या. गाडी बोलावली, नेले. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळे संपले होते. दुपारी शामसुंदरराव घरी आले आणि माझ्यापुढच्या बाकावर बसले. माझे झाकण उघडेच होते. त्यांनी ते लावले. हातातली पंच्याची पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हते. ती त्यांनी मांडीवर धरून ठेवली.

धवल दुसऱ्या दिवशी पोचला. तेरा दिवसांत माणसे आली, सतरंज्यांवर बसली, गेली. शामसुंदररावांची धाकटी बहीण आशाताई पंचवटीतून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी घर हातात घेतले. मला खोळ घातली, वर एक चादर घातली.

"वर्षभर घरात वाजवणं नको," त्या म्हणाल्या.

"नको," शामसुंदरराव म्हणाले.

मित्रांनो, ही या घरातली रीत आहे. घरातले माणूस गेले की वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, गाणेबजावणे नाही. चाळीस वर्षे शामसुंदररावांनी हेच हजारो माणसांना सांगितले होते. कुणी म्हणे, गुरुजी, घरात लग्न ठरले आहे, काही तोड सांगा. शामसुंदरराव तोड सांगत. कुणाला सहा महिन्यांनी मोकळे करीत, कुणाला तीन. आशाताईंना ते माहीत होते. एक दिवस त्याच बोलल्या.

"लोकांना तोड काढून देतोस दादा. स्वतःला नाही का काढत?"

"लोकांना निकड असते. मला कसली निकड आहे?"

धवल परत जाण्याच्या आदल्या दुपारी त्याने माझी चादर काढली.

"बाबा, तुम्ही शिकणं सोडू नका."

"वर्ष आहे, धवल."

"माहितीये. हे बघा, आवाजाची पट्टी पार इकडे ओढली की पियानोचा आवाज बंद. टॅब्लेटचाही बंद केला. आता दाबा. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तरी पडद्यावर हिरवं झालं की नाही? वायरीतून त्याला कळतं. आवाज लागतच नाही."

शामसुंदरराव बघत राहिले.

"आणि आईचा उजवा हात टॅब्लेटसुद्धा वाजवतो. इथे बोट लावायचं. मग तुम्ही फक्त तुमचा डावा वाजवा."

"ते नको."

"का?"

"तो बरोबर वाजवेल," शामसुंदरराव म्हणाले. "ती तशी वाजवत नव्हती."

धवल गेला. घरात एक माणूस उरले आणि मी.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी शामसुंदररावांनी टॅब्लेट उघडला. ते बाकाच्या डाव्या टोकाला बसले. उजवी बाजू मोकळी ठेवली. सत्ताविसावा धडा लावला आणि डाव्या हाताची पहिली पट्टी दाबली. तो ठिपका हिरवा झाला. उजव्या हाताचा ठिपका काळाच राहिला. टॅब्लेट थांबला. शामसुंदररावांनी बोट उचलले नाही. तेही थांबले. असे किती वेळ झाले ते मला सांगता येणार नाही. मग टॅब्लेटचा पडदा आपोआप काळा झाला. ते उठले आणि चहा करायला गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पहिली पट्टी, मग थांबणे, मग काळा पडदा. मला त्या दिवसांत एकाच पट्टीचा आकडा पाठवायचे काम होते. मी तो पाठवत होतो. वाईट वाटत होते असे मी म्हणणार नाही. काहीच वाटत नव्हते. माझ्या हातोड्या उचलल्या जात होत्या आणि पडत होत्या, पहिल्यापासून पडत आल्या तशाच.

फाल्गुनात कधीतरी ते बाकाच्या मधोमध सरकून बसले. उजवा हात वर घेतला आणि लतिकाबाईंचा अंगठा जिथे असे तिथे आपला अंगठा ठेवला. तो चुकीच्या पट्टीवर होता. त्यांनी लतिकाबाईंचा पेन्सिलीचा कागद शोधून काढला. त्यात फक्त डाव्या हाताच्या खुणा होत्या. उजव्याच्या खुणा काढायची लतिकाबाईंना कधी गरज पडली नव्हती आणि शामसुंदररावांनी कधी विचारले नव्हते. तीन महिने शेजारी बसून त्या हाताकडे त्यांनी एकदाही नीट पाहिले नव्हते. ते आपला ठिपका बघत बसायचे.

मग त्यांनी स्वतः रेघा मोजल्या आणि खुणा काढल्या. एकेक पट्टी चाचपायची, लाल झाली तर शेजारची. एका घराला एक आठवडा, असे चालले.

आशाताई दर गुरुवारी भाजीचा डबा घेऊन येत. एकदा त्या लवकर आल्या.

"दादा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"पेटीवर बसलायस."

"पेटी नाही, पियानो. तुला काही ऐकू येतंय का?"

आशाताईंनी कान दिला. माझ्या पट्ट्यांची टक् टक् सोडून काही नव्हते. जसे कुणी पाटावर बोटे आपटत आहे.

"नाही."

"मग वाजवतोय असं कोण म्हणालं?"

"म्हणजे ही तोडच काढलीस की," आशाताई म्हणाल्या आणि डबा ठेवायला आत गेल्या. आतून पुन्हा म्हणाल्या, "कानाला इअरफोन लावून तरी ऐक रे. तुझ्या एकट्यापुरतं."

"माझ्या कानालाही वर्ष आहे."

"आणि चुकलं असेल तर? ऐकल्याशिवाय कसं कळेल?"

"हिरवं होतं ना. हिरवं म्हणजे बरोबर."

मित्रांनो, इथे एक चूक होत होती. ती फक्त मला माहीत होती आणि मला ती सांगायची सोय नव्हती.

तर्पण करताना एका नावाला तीन ओंजळी पाणी देतात. गुरुजी तीनदा म्हणवून घेतात, मग थांबतात. यजमानाला पुढचे नाव आठवायचे असते. आजोबांचे नाव पटकन येते, पणजोबांचे येत नाही. तो डोळे मिटतो, भावाकडे बघतो. गुरुजी तोवर थांबून राहतात. नाव आले की पुन्हा तीन ओंजळी. शामसुंदररावांनी चाळीस वर्षे हेच केले होते. सत्ताविसाव्या धड्यात प्रत्येक घरात तीन मात्रा होत्या. त्यांचे हात तीन वेळा पडत आणि थांबत. मग पुढचे घर. पुन्हा तीन, पुन्हा थांबणे. आवाज असता तर पहिल्या दिवशी कळले असते की ही चाल अशी नाही, ती वाहती आहे, तिसऱ्या मात्रेवरून पुढच्या पहिलीवर ती टेकते. पण आवाज नव्हता. आणि टॅब्लेटला थांबण्याचे काही वाटत नसे. कुणी अर्धा क्षण थांबले काय आणि पाच क्षण थांबले काय, बरोबर पट्टी आली की तो हिरवी खूण करी. त्यामुळे एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने थांबू द्यायचे, असे कितीतरी महिने चालले. चूक घट्ट होत गेली.

दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीत घरात पणती एकच, देवापुढची. कार्तिकात बत्तीसही घरे झाली. दोन्ही हातांनी, सगळी हिरवी. शामसुंदररावांनी धवलला फोनवर सांगितले, "बसला धडा."

"पूर्ण?"

"पूर्ण. वर्ष झालं की ऐक."

वर्षश्राद्धासाठी धवल डिसेंबरात आला. त्याला नाताळची सुट्टी होती आणि तिथी नेमकी त्यातच आली होती. श्राद्ध घाटावर झाले. आशाताईंनी घरी येऊन माझ्या ऐकण्यात सांगितले की दुसरे गुरुजी सांगत होते आणि दादा बाजूला बसला होता, एकदा गुरुजींचा उच्चार चुकला तेवढा दुरुस्त केला, बाकी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शामसुंदररावांनी माझी खोळ काढली. त्यांनी नवे उपरणे घेतले होते. धवलने वायर तपासली, टॅब्लेट लावला आणि आवाजाची पट्टी वर ओढली. आशाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. शामसुंदरराव बाकाच्या मधोमध बसले. त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि सुरुवात केली.

जवळजवळ एका वर्षाने माझ्यातून आवाज निघाला. पहिल्या तीन मात्रा. मग थांबले. दुसऱ्या तीन मात्रा. मग थांबले. सगळे सूर बरोबर होते. एकही चुकला नाही. पण चाल होत नव्हती. एकेक घर सुटे सुटे येऊन पडत होते. चौथ्या घरानंतर शामसुंदररावांच्याही कानाला ते लागले असावे. त्यांचे बोट क्षणभर जास्त जड झाले. पण ते थांबायचे तेवढेच थांबले आणि पुढे गेले. बत्तीस घरे त्यांनी तशीच वाजवली.

शेवटचा सूर गेला. धवल बाकामागे उभा होता.

"बाबा, तुम्ही प्रत्येक तिनानंतर थांबताय."

"थांबावंच लागतं."

"का?"

"पुढचं नाव यायचं असतं," शामसुंदरराव म्हणाले.

दारातून आशाताई आत गेल्या. शामसुंदरराव म्हणाले, "मध्ये न थांबता वाजवून दाखवीन म्हणाली होती ती तुला."

"हो."

"ते काही झालं नाही."

"नाही झालं," धवल म्हणाला.

तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला, मोकळ्या जागेत. त्याने पट्ट्यांना हात लावला नाही. टॅब्लेटने सत्ताविसावा धडा पूर्ण झाल्याची खूण केली आणि अठ्ठाविसावा धडा आपणहून उघडला. पहिला ठिपका रेघेपाशी येऊन थांबला. दोघांनी तो पाहिला. कुणी बंद केला नाही, कुणी वाजवलाही नाही. काही वेळाने पडदा काळा झाला.

धवल गेला त्याला आता बरेच महिने झाले. वायर माझ्या पाठीत तशीच आहे. शामसुंदरराव दुपारी येतात, पंचा वाळत घालतात, चारला माझ्यापुढे बसतात. सत्ताविसावा धडाच लावतात. धवलने त्यांना एक टिकटिक करणारे यंत्र टॅब्लेटमध्ये लावून दिले आहे, मात्रा मोजायला. ते लावले की शामसुंदरराव पहिली दोन घरे न थांबता जातात. तिसऱ्याला थांबतात. मग टिकटिक एकटीच पुढे जाते. परवा ते तिसरे घर ओलांडून गेले. चौथ्याला थांबले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आमच्यावर धूळ बसू देऊ नका. तेही सांगतो. वायरीची भोके स्वच्छ ठेवा, आमच्यावर शेवयांचे डबे ठेवू नका. पण ते नाही केले तरी आम्ही टिकतो. मी चौदा वर्षे टिकलो. त्याहून दुसरे सांगायचे आहे. तुम्ही कुणाच्या शेजारी बसून काही करत असाल, गाणे असो, स्वयंपाक असो, अभ्यास असो, तर आपला ठिपका बघता बघता मधूनच शेजारच्या हाताकडेही बघा. तो हात काय करतो, कुठून सुरू करतो, कुठे थांबतो आणि कुठे थांबत नाही, ते विचारून घ्या, कागदावर काढून घ्या. टॅब्लेट थांबून राहतो. माणसाच्या बाबतीत तशी सोय नाही.

लतिकाबाई ६ जानेवारी २०२४ रोजी, मार्गशीर्ष वद्य दशमीला, शनिवारी सकाळी वारल्या. त्यांचे वय साठ होते.